आखणी चालू असताना

शाळेचा पहिला मेसेज आला तेव्हा पिंकी दिशाला शाळेच्या फाटकात सोडून नुकतीच घरी परतली होती. तुमची पाल्य आज गैरहजर आहे, असं त्यात लिहिलं होतं. पिंकीने तो पुसून टाकला, कारण रोह्याच्या त्या शाळेचे मेसेज अधूनमधून भलत्याच माणसांना जात आणि मागे कुणाच्या तरी निकेशला कांजिण्या झाल्याचंही तिला असंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मेसेज आला. त्यानंतर पुन्हा आला तेव्हा ती चिडून शाळेत गेली आणि वर्गाच्या खिडकीतून आत डोकावली, तर दिशा दोन वेण्या घालून दुसऱ्या बाकावर व्यवस्थित बसली होती.

बाईंनी खुलासा केला. हजेरीला दिशा 'प्रेझेंट' म्हणत नाही. जो म्हणत नाही त्याला गैरहजर लावायचं असा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी पिंकीला व्हरांड्यात बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की शाळा उघडल्यापासून ही मुलगी वर्गात एक अक्षर बोललेली नाही, तिला मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर घरी ठेवलीत तरी हरकत नाही, म्हणजे हजेरीपटाचा तरी मेळ बसेल.

घरी येताना रिक्षात पिंकीने दिशाकडे पाहिलं आणि ही घरी शेवटचं काय बोलली ते आठवून बघितलं. काही आठवेना. भात हवा का विचारलं की दिशा मान हलवायची, नको असला की ताट सरकवायची, आणि बारा वर्षांची मुलगी उलट बोलत नाही याचं पिंकीला उलट कौतुकच होतं. दिशाच्या बापाला, सुजयला, कंपनीत शिफ्ट असायची. तो जागा असे तेव्हा दिशा शाळेत आणि ती घरी असे तेव्हा तो झोपलेला, त्यामुळे मुलगी आईशी बोलत असेल असं तो धरून चालला होता आणि पिंकी बापाशी बोलत असेल असं धरून चालली होती. दोघांचाही एकमेकांवर विश्वास होता.

संध्याकाळी पिंकीने सासरी हमरापूरला फोन लावला, कारण मे महिनाभर दिशा तिकडे होती. तिकडे तरी बोलत होती का, असं तिने थोरल्या दिराला, म्हणजे धनेशला विचारलं. धनेश म्हणाला, "बोलंल कशी? आखणीला बसली व्हती ना."

हमरापूरच्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात हा रिवाज पाळतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते, आणि आखणीला बसलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नसतं. त्यानेही बोलायचं नसतं. श्वासाने हात हलतो, हात हलला की रेघ हलते, आणि रेघ हलली की देव तिरळा होतो, असा साधा हिशेब आहे. त्याला चहा आणून मुकाट्याने शेजारी ठेवतात, जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावतात. गोविंदांनी, म्हणजे दिशाच्या आजोबांनी, आपल्या कारखान्यात उभा जन्म असा गप्प बसून काढला होता. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांची रेघ जाड येऊ लागली, धनेशचा हात स्प्रेला चांगला पण आखणीला जड, आणि दिशाला आठव्या वर्षापासून छोट्या मूर्तींचे डोळे जमत होते. यंदाच्या मे महिन्यात तिला मोठ्या मूर्ती दिल्या. ती सकाळी उठून चौरंगापाशी बसायची ती अंधार पडेपर्यंत उठायची नाही. अख्ख्या आळीत तिचं नाव झालं. मुंबईचा व्यापारी येऊन पाहून गेला आणि म्हणाला, पोरगी काय गुणाची आहे, तोंडातून शब्द नाही. घरच्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. पोरीचं बोलणं बंद झालंय हे दुसऱ्या कुठल्याही घरात आठवड्यात कळलं असतं. या घरात त्याचं महिनाभर कौतुक झालं.

तर यावर काय करायचं ते ठरवायला सुजयच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, सगळे हमरापूरला जमले. जवळच्या जिते गावाहून सरूताईही आली. ती सुजय आणि धनेशची मोठी बहीण. माहेरी काही घडलं आणि आपल्याला शेवटी कळलं असं आयुष्यात एकदाच झालं होतं, ते धनेशचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, आणि त्याबद्दल तिने अजून कुणाला माफ केलं नव्हतं. ती येताना भाजलेला ओवा घेऊन आली. सरूताईच्या मते माणसाच्या बहुतेक अडचणी वाताच्या असतात.

धनेशने रंगाच्या स्प्रेचा कंप्रेसर बंद केला. आषाढ तोंडावर आलेला, बाहेर पाऊस धरलेला, माल वाळत नव्हता, आणि अशा दिवसांत तो कुणाच्या मयतीलाही कंप्रेसर बंद करत नसे. सगळे पत्र्याच्या शेडमध्येच बसले, कारण घरातल्या दोन्ही खोल्यांत मूर्ती वाळत होत्या. दिशाने आल्याआल्या चपला काढल्या, आजोबांना नमस्कार केला, आणि सरळ चौरंगापाशी जाऊन ब्रश हातात घेतला. त्यामुळे तिला काही विचारण्याचा प्रश्नच मिटला. आखणीला बसलेल्याशी बोलायचं नसतं. त्याच्याविषयी बोलायला मात्र मनाई नव्हती, म्हणून सगळे तिच्या पाठीमागे बसून तिच्याविषयी बोलू लागले.

धनेशचं म्हणणं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. दिशाला इथेच राहू द्या. गावातली शाळा चांगली आहे, मास्तर ओळखीचे आहेत, आणि इथे ती रमते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. हे तो मनापासून बोलत होता. बेचाळिसाव्या वर्षी धनेशला बायको नव्हती, कारण या भागातल्या मुलींच्या बापांना कंपनीत कायम असलेला जावई लागतो आणि धनेश अंगभर पांढऱ्या धुळीनिशी मुलगी पाहायला जाई. पुतणीवर त्याचा जीव होता. ती गेली तर यंदाच्या मोठ्या मूर्तींचे डोळे कोण काढणार हा विचारही त्याच्या मनात होता. जीव कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, आणि ते कुणी विचारू नये म्हणून तो जरा मोठ्याने बोलत होता.

"हितं ती बरी हाय," तो म्हणाला. "तिकडंच काय ते झालं तिला."

पिंकीला ते लागलं. तिकडे म्हणजे तिच्या घरात. सुजय धाटावच्या कंपनीत कंत्राटी होता तोवर ते तिघं कंपनीच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांत राहत होते, दिशा तिथल्या मराठी शाळेत जायची आणि इतकी बडबडायची की बाई तिला एकटीला बसवायच्या. मागल्या वर्षी सुजय कायम झाला. मग रोह्यात लिफ्टचा फ्लॅट आला, इंग्रजी शाळा आली, आईची मम्मी झाली. पिंकीने हे सगळं मनापासून मागितलं होतं आणि ते मिळाल्याबद्दल तिने रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीरला, नारळही वाहिला होता. घरात एकेक गोष्ट वाढत गेली. दिशाचं बोलणं तेवढं कमी होत गेलं, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला कुणाला सवड झाली नाही. पिंकी धनेशला म्हणाली की मुलीला परत गावच्या शाळेत घालायचं तर आम्ही इतकी वर्षं धडपडलो कशाला. ती हे शांतपणे म्हणाली, आणि मग ओढणीने डोळे पुसले.

सरूताईने आधी भावाची बाजू घेतली, मग भावजय रडते आहे हे पाहून तिची घेतली. मध्यंतरी तिने दिशाच्या शेजारी वाटीत ओवा नेऊन ठेवला. गोविंदा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत की ऐकतायत याचा अंदाज कुणालाच येत नसे आणि त्यांनी या गोष्टीचा घरात पुष्कळ उपयोग करून घेतला होता.

सुजयचं म्हणणं तिसरंच होतं. डॉक्टर हवा हे त्याला मान्य होतं. फक्त तो पनवेलला हवा, जमलं तर त्याच्याही पलीकडे. पेणला किंवा रोह्याला नको. त्याच्या इमारतीत तीन मजल्यांवर कंपनीचीच माणसं राहत होती आणि त्यांच्या बायकांना लिफ्ट बंद पडल्याचीही कारणं माहीत असत. म्हात्र्यांची पोरगी मेंटल आहे हे एकदा झालं की मग जन्मभर तेच. त्याने असंही सुचवलं की शाळेला टायफॉइड सांगावा. टायफॉइडला कुणी नावं ठेवत नाही.

"शाळेत तिला काय तरास हाय का, त्याची चौकशी केली का गो?" सरूताईने पिंकीला विचारलं.

या प्रश्नाची पिंकी वाटच पाहत होती. शाळेची निवड तिची होती, आणि त्या शाळेला कुणी नावं ठेवलेली तिला चालणार नव्हती. शाळेत त्रास असता तर मला कळलं असतं, असं म्हणून तिने जानेवारीतल्या पालकसभेची गोष्ट सांगितली. सभेच्या आधी पालकांना मागच्या बाजूला उभं राहून वर्ग पाहू दिला होता. बाईंनी दिशाला वही मागितली. दिशा उभी राहून काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या वर्गाने तिच्याकडे वळून, हात हलवून, एका सुरात 'हाऽय' केलं. पोरं हसत होती. किती गोड वर्ग, असं पिंकीला वाटलं. नव्या मुलीला इतकं प्रेमाने कोण वागवतं? तिला इतका आनंद झाला की तिनेही मागून हात हलवून 'हाय' केलं. दिशाने तेव्हा वळून आईकडे पाहिलं होतं.

"रोज करतात म्हणे," पिंकी म्हणाली. "बाईसुद्धा हसत होत्या."

सुजयने चहाचा कप खाली ठेवला.

"दिशा काय म्हणाली होती?" त्याने विचारलं. "वही मागितली तेव्हा."

पिंकीला ते आठवायला वेळ लागला नाही. वही घरी विसरली होती, तेच सांगितलं असणार. "वही घरी हाय," ती म्हणाली, आणि बोलल्यावर तिचा तिलाच तो शब्द ऐकू आला.

सुजयला पुढचं सांगावं लागलं नाही. कायम झाल्यावर त्याला कंट्रोल रूममध्ये घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी त्याने वॉकीटॉकीवर 'वॉल्व बंद हाय' असं सांगितलं, आणि पलीकडून तीन वेगवेगळ्या आवाजांनी त्याला हाय केलं. शिकून आलेली पोरं होती, नाशिकची, पुण्याची. तोही हसला. घरी येऊन आरशासमोर उभा राहून 'आहे, आहे' म्हणत बसला आणि आठवड्याभरात त्याला ते बेमालूम जमलं. कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्याचं वय पस्तीस होतं आणि त्याला पगार मिळत होता. बारा वर्षांच्या पोरीने काय करावं? हाय म्हणायचं नाही असं ठरवलं, तर वही घरी आहे हे सांगता येत नाही, पोट दुखतंय हे सांगता येत नाही, मी इथे आहे एवढंही सांगता येत नाही. घरी येऊन चुकून हाय म्हणावं तर मम्मी म्हणते, नीट बोल. मग पोरीने सगळंच बंद करून टाकलं. सुजयला एकदम फार वाईट वाटलं, आणि सगळ्यांत वाईट याचं वाटलं की आपण त्या पोरांबरोबर हसलो होतो.

त्याने हे सगळ्यांना दोन-तीन तुटक वाक्यांत सांगितलं. पिंकी ऐकत होती. आपण मागे उभं राहून हात हलवला होता हे तिला दिसत होतं, आणि पोरीने वळून पाहिलं होतं तेही. सरूताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच वाताचा उल्लेख केला नाही. धनेश म्हणाला, म्हणून तर म्हणतो, हितं ठेवा, हितं कोण तिला हसणार हाय?

"हितं तिच्याशी कोन बोलनार हाय?" गोविंदा म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

ते भिंतीला धरून उठले. चौरंगापाशी गेले. दिशा एका मोठ्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ ओढत होती. ब्रश निम्म्यावर आला होता, तिने श्वास रोखून धरला होता, आणि धनेशला आपला बाप आता काय करणार हे कळलं तसा तो अर्धा उठला.

"दिशा," गोविंदा नेहमीच्या आवाजात म्हणाले.

रेघ हलली. भुवईकडे गेली. त्या शेडमध्ये साठ वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. दिशाने ब्रश उचलला आणि आजोबांकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. गोविंदांनी तिच्या हातातून ब्रश काढून पाण्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले की यंदाची आखणी झाली. धनेशने विचारलं, झाली म्हणजे काय? मोठ्या मूर्तींचे कितीतरी डोळे राहिलेत.

"बिगर डोळ्यांच्या विकायच्या."

धनेशने सांगून पाहिलं. मुंबईचा व्यापारी डोळ्यांसाठीच येतो. कच्च्या मूर्ती तर गावात कुणीही देतो, मग आपल्याकडे कोण येणार, आणि आज गेलेलं गिऱ्हाईक पुढल्या वर्षी परत येतं का? तो बरोबर बोलत होता, आणि ते गोविंदांनाही मान्य होतं. जायचं ते जाईल, एवढंच ते म्हणाले. धनेश त्या हललेल्या रेघेकडे पाहत राहिला. मग त्याने फडकं ओलं केलं आणि तो डोळा पुसायला लागला. त्याला राग आला होता, आणि पुसता पुसता तो राग कमी होत गेला, कारण पोरीच्या पाठीमागे आपण महिनाभर काय करत होतो हे त्याला कळत होतं. आपण तिला चहा आणून शेजारी ठेवत होतो.

सुजयने फोन काढला. पेणच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर शाळेच्या बाईंनी दिलेला होता आणि तो इतके दिवस त्याच्या खिशात होता. त्याच्या फोनचा कानाला लावायचा आवाज पावसात गेला होता, नुसता मोठा आवाज चालायचा, त्यामुळे त्याचं कुठलंही बोलणं आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाई. घरून फोन न करण्याला त्याच्याकडे हे एक बरं कारण होतं. शेजारच्या कारखान्यातली माणसं पावसामुळे दारातच उभी होती. पनवेल का नाही, असं पिंकीने हळूच विचारलं. पनवेल लांब आहे, असं सुजय म्हणाला, जणू ते आजच कुठे हललं होतं.

पलीकडून एका बाईने फोन उचलला. आवाज पेणच्याच कुणाचा तरी होता.

"बोला. मॅडम आज चारपासून हायत."

दिशाने मान वर केली.

सुजयने पेशंटचं नाव सांगितलं, दिशा सुजय म्हात्रे, आणि वय सांगितलं. इतकं त्याला नीट जमलं. मग बाईने विचारलं, काय होतंय पेशंटला? सुजयने तोंड उघडलं. दारातल्या माणसांकडे पाहिलं. आपली मुलगी, असं म्हणायला त्याने सुरुवात केली आणि त्याचा आवाजच फुटेना. बाईने हॅलो म्हटलं. पुन्हा म्हटलं. पिंकीने फोन घ्यायला हात पुढे केला, पण तिचंही तसंच झालं होतं, आणि सरूताई तर केव्हापासून तोंडाला पदर लावून बसली होती.

दिशा उठून आली. तिने बापाच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"ती बोलत नाय," ती म्हणाली. आवाज घोगरा होता.

"बरं. कधीपासून?"

"शाळा बदलली तेव्हापासून."

पलीकडे टाईप केल्याचा आवाज आला. "आणि आपण कोण बोलताय?"

दिशाने जरा विचार केला.

"तीच," ती म्हणाली.

बाईला अशा फोनची सवय असावी, कारण ती हसली नाही की दचकली नाही. बरं, मग चारला ये, ती म्हणाली, छत्री आण, आणि येताना सोबत कुणीतरी मोठं माणूस लागेल.

दिशाने फोन खाली केला आणि एकेकाकडे पाहिलं. चारला अजून बराच अवकाश होता, तरी शेडमधली सगळी मोठी माणसं एकदम उठली आणि आपापल्या चपला शोधू लागली.